जामीन झाला, जामीनदार कुठंय?

माझ्या धाकट्या भावाला सत्र न्यायालयाने जामीन मंजूर केला तो शुक्रवार होता. तो घरी आला त्याला मध्ये चांगला आठवडा उलटून गेला. या काळात त्याला कोणी अडवून धरलं नव्हतं. सरकारी वकिलांना जे म्हणायचं ते म्हणून झालं होतं, न्यायाधीशांची सही झाली होती. अडलं होतं ते आदेशातल्या एका ओळीवर: ‘रु. ३०,०००/- चा वैयक्तिक जातमुचलका आणि तितक्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार.’ जातमुचलका म्हणजे आरोपीने स्वतः लिहून द्यायची हमी. जामीनदार म्हणजे सही करणारा कोणीतरी, एवढंच बहुतेकांना ठाऊक असतं. ती सही कोणाची चालते आणि वेळेला कोण करतं, ही निराळीच भानगड आहे. ज्यांच्या घरात ती आत्ता चालू असेल त्यांच्यासाठी लिहिते आहे.

प्रकरण थोडक्यात सांगते. भाऊ पुण्यात एका गॅरेजात दुचाक्या दुरुस्त करतो. गाड्या लावण्यावरून शेजारच्या दुकानदाराशी रोजची कुरबुर होती, ती एके दिवशी हातघाईवर आली. भावाच्या हातात पाना होता. समोरच्याचं मनगटाजवळचं हाड मोडलं. हाड मोडलं की कायद्याच्या भाषेत ती गंभीर दुखापत होते, आणि हातात लोखंडी वस्तू असली की भारतीय न्याय संहितेचं कलम ११८(२) लागतं. जुन्या आयपीसीत हेच ३२६ होतं. शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते, गुन्हा अजामीनपात्र. पहिला हात कोणी उचलला ते कोर्टात ठरेल, त्यावर मी इथे काही बोलणार नाही. पाना त्याच्या हातात होता हे खरं आहे.

आधी पोलीस कोठडी, मग न्यायालयीन कोठडी. न्यायदंडाधिकाऱ्यांनी अर्ज फेटाळला. जन्मठेपेचं कलम असलं की खालचं कोर्ट सहसा हात लावत नाही, हे वकिलांनी आधीच सांगून ठेवलं होतं. सत्र न्यायालयात तपास अधिकाऱ्याचा ‘से’, म्हणजे लेखी म्हणणं, येईपर्यंत तारखा पडत गेल्या. प्रत्यक्ष युक्तिवाद मात्र चहा निवायच्या आत संपला. पाना जप्त झालाय, जखमी माणूस दवाखान्यातून घरी गेलाय, आरोपीवर आधीचा एकही गुन्हा नाही. जामीन मंजूर. दर रविवारी पोलीस ठाण्यात हजेरी, साक्षीदारांच्या वाटेला जायचं नाही, परवानगीशिवाय जिल्हा सोडायचा नाही, अशा नेहमीच्या अटी.

वकील बाहेर येऊन म्हणाले, “अभिनंदन. आता जामीनदार बघा.” मी म्हटलं, मी आहे की. सख्खी बहीण आहे, नोकरी करते, पगाराची स्लिप आहे. त्यांनी विचारलं, “घर स्वतःचं?” भाड्याचं. “मग स्लिप आणि कंपनीचं पत्र जोडून बघता येईल. काही कोर्टं घेतात. हे कोर्ट मिळकत बघतं.”

मिळकत म्हणजे कागद. घराचा इंडेक्स टू, म्हणजे खरेदीच्या नोंदणीचा उतारा, किंवा सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, चालू वर्षाची घरपट्टी भरल्याची पावती, शेती असेल तर सातबारा आणि आठ-अ. रकमा मोठ्या असल्या तर तहसीलदारांकडून ऐपतीचा दाखला, ज्याला कोर्टाच्या आवारात सगळे नुसतं ‘सॉल्व्हन्सी’ म्हणतात. त्याशिवाय आधार, पॅन, मूळ रेशनकार्ड, फोटो आणि प्रतिज्ञापत्र. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. आदेश सत्र न्यायालयाचा असला तरी जामीनदार बहुतेक वेळा खालच्या, म्हणजे ज्या कोर्टात मूळ प्रकरण आहे तिथे उभा करायचा असतो. म्हणजे ज्यांनी अर्ज फेटाळला त्यांच्याच दारात परत. ते साहेब रजेवर असले तर ज्यांच्याकडे चार्ज आहे ते कोर्ट शोधायचं.

शनिवार-रविवार मी फोन करत होते. पुण्यात आमच्या ओळखीची माणसं भरपूर, पण कोणाच्या नावावर काय आहे हे आपण कधी विचारलेलं नसतं. ते विचारायची वेळ आली की कळतं, निम्मे लोक भाड्याने राहतात, उरलेल्यांतल्या बऱ्याच जणांची घरं वडिलांच्या नावावर आहेत. ज्यांच्या स्वतःच्या नावावर आहेत त्यांना अचानक बँकेचं कर्ज आठवतं. भाऊ ज्यांच्याकडे काम करतो ते गॅरेजवाले शेठ म्हणाले, “मी साक्षीदार आहे, मला चालणार नाही.” हे कारण खरं होतं. माझ्या ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याने हो म्हटलं आणि तासाभराने त्याच्या बायकोचा फोन आला. तिला मी दोष देत नाही. ‘तीस हजार’ हा आकडा भीतीदायक नाही, भीती वाटते ती कोर्टाच्या कागदावर आपलं नाव चढण्याची.

बार्शीच्या मामाचं उत्तर सरळ होतं. “पोरी, पैसं माग, देतो. सातबारा मागू नगंस. तिघा भावांचा सामाईक हाय. उद्या बोजा चढला आन् सोसायटीनं पीककर्ज अडवलं, तर म्या त्यांना काय सांगू?” तरीही सोमवारी पहाटेच्या एसटीने तो आला. दोन्ही भावांची संमतीपत्रं नोटरी करून आणली होती. धोतराच्या सोग्याने तोंड पुसत तो कोर्टाच्या खिडकीपाशी उभा राहिला, आणि आतल्या बाबूंनी सातबाऱ्यावरचा जिल्हा बघून कागद तसेच सरकवले. “सोलापूरचा आहे हा. लोकल आणा.”

वकील म्हणाले, हे कायद्याने बरोबर नाही. मग पायऱ्यांवर बसून त्यांनी आम्हाला मोतीराम खटला सांगितला. १९७८ सालचा, मध्य प्रदेशातला. मोतीराम हा गवंडी. सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला, पण खाली न्यायदंडाधिकाऱ्यांनी दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि भाऊ पुढे आला तर त्याची मिळकत दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्याला नाकारलं. पुन्हा सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी खालच्या कोर्टाला चांगलंच सुनावलं, बाहेरच्या जिल्ह्याचा म्हणून जामीनदार नाकारता येणार नाही असं सांगितलं आणि मोतीरामला हजार रुपयांच्या स्वतःच्या जातमुचलक्यावर सोडायला लावलं. पुढे ३१ जानेवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सगळ्या कोर्टांना सुचवलं, की स्थानिक जामीनदाराचा आग्रह हे कैदी आत अडकून पडण्याचं एक कारण आहे, तेव्हा ती अट घालू नका.

“मग हे साहेबांपुढे सांगा की,” मामा म्हणाला.

“सांगू. लेखी अर्ज देऊ, सुनावणी होईल, जिंकूही. तोवर तो आत.”

मामा दुपारच्या गाडीने परत गेला. जाताना माझ्या हातात नोटांची घडी कोंबली. ती पुढे वकिलांच्या फीमध्ये गेली.

त्याच दिवशी मला ‘दुसरा मार्ग’ भेटला. पांढरा शर्ट, बगलेत रेक्झिनची फाइल. नोटरीच्या टेबलापाशी मी झेरॉक्स लावत होते तेव्हा शेजारी येऊन उभा राहिला. “ताई, तीस हजारांचा आहे ना? लोकल पाहिजे ना?” आकडा त्याला कुठून कळला देव जाणे. “रेशनकार्ड, टॅक्स पावती, माणूस, सगळं तयार आहे. दुपारी उभा करतो, उद्या पोरगं घरी. साडेसहा द्या.” घासाघीस केली असती तर पाचला तुटलं असतं, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं. त्याने विश्वास बसावा म्हणून फाइल उघडून दाखवली. प्लॅस्टिकच्या कप्प्यांत आधारकार्डांच्या प्रती होत्या, प्रत्येकीमागे घडी घातलेली पावती. एक कप्पा उलटला, दुसरा उलटला. दोन्ही आधारकार्डांवर फोटो एकाच माणसाचा होता, मिशीसकट. नावं वेगळी.

मी विचार करून सांगते म्हटलं. इतके दिवस ताटकळलेल्या माणसाला साडेसहा हजार ही रक्कम फार वाटत नाही, म्हणून वकिलांना विचारलं. ते पहिल्यांदाच चिडले. नवीन कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, कलम ४८६ आहे. जामीनदाराला शपथेवर सांगावं लागतं की आपण आजवर किती आरोपींना जामीन राहिलो. ही तरतूद याच लोकांसाठी आणली गेली, कारण एकच पावती ढीगभर खटल्यांत फिरत असते. कोर्टाने पडताळणीला कागद पाठवले आणि पत्त्यावर तो माणूस सापडला नाही, तर बनावट कागदपत्रांचा नवा गुन्हा, आणि झालेला जामीन धोक्यात. अशा टोळ्या पोलिसांनी मुंबईत आणि पुण्यात वेळोवेळी पकडल्या आहेत. “त्याला सहा महिन्यांनी धरला तर तो तुमच्या भावाचं नाव सांगेल,” वकील म्हणाले.

हे सगळं पटलं. पण मला तो पांढऱ्या शर्टवाला नुसता भामटा वाटत नाही, हेही सांगते. त्याचं गिऱ्हाईक कोण? ज्यांच्या नावावर या शहरात एक वीटही नाही असे लोक. ते इथे काम करतात, कर भरतात, पोरं शाळेत घालतात, पण त्यांच्या ओळखीतल्या कोणाचीही सही कोर्टाला चालत नाही. बिहारच्या किंवा नांदेडच्या मजुराने स्थानिक मिळकतदार कुठून आणायचा? दार असं बांधलंय की त्याला खिडकी फोडणारा लागतोच.

डॅलसला माझा आतेभाऊ असतो. त्याला रात्री फोनवर हे सांगितलं तर तो म्हणाला, “इथे तर बोर्ड लावून बसतात.” त्याच्या रूममेटला एकदा अटक झाली होती तेव्हा तुरुंगाच्या समोरच्याच रस्त्यावर चोवीस तास उघडी दुकानं होती. कोर्टाने वीस हजार डॉलर जामीन ठरवला तर दुकानदाराला दहा टक्के, म्हणजे दोन हजार द्यायचे. तो उरलेल्याची हमी कोर्टाला देतो. ते दोन हजार कायमचे गेले, माणूस निर्दोष सुटला तरी परत नाहीत. शिवाय घरचं किंवा मित्राचं कोणीतरी हमीदार म्हणून सही करतं आणि आरोपी पळाला तर दुकानदार ते सगळे पैसे त्या हमीदाराकडून वसूल करतो. माझ्या आतेभावानेच ती सही केली होती. रूममेट प्रत्येक तारखेला जातोय ना, हे तो वर्षभर बघत होता. हा धंदा अमेरिका आणि फिलिपिन्स सोडले तर जगात जवळपास कुठेच चालत नाही, आणि अमेरिकेतही केंटकी, विस्कॉन्सिन, ओरेगॉन, इलिनॉय या राज्यांत बंद आहे. इलिनॉयने तर १८ सप्टेंबर २०२३ पासून पैशांवरचा जामीनच रद्द केला. आपल्याकडे उलटी तऱ्हा. आरोपीने जामीनदाराला ‘तुझं नुकसान मी भरून देईन’ असा करार लिहून दिला तर तो सार्वजनिक धोरणाविरुद्ध म्हणून कायद्याने टिकतच नाही. जामीनदाराचं स्वतःचं काहीतरी पणाला लागलं पाहिजे, तरच तो आरोपीवर लक्ष ठेवेल, असा त्यामागचा विचार. विचार चांगला आहे. पण तिकडे दोन हजार डॉलरना जे रीतसर मिळतं तेच इकडे साडेसहा हजार रुपयांना चोरून मिळतं, एवढाच फरक मला त्या रात्री दिसत होता.

मधल्या काळात वकिलांनी रोख जामिनाचा अर्ज टाकला होता. हा भाग नीट वाचा, कारण मला तो आधी कोणी सांगितला असता तर बरं झालं असतं. जामीनदार मिळेपर्यंत तेवढी रक्कम कोर्टात रोख भरून आरोपीला सोडा आणि जामीनदार आणायला चार-सहा आठवडे द्या, अशी मागणी करता येते. त्याला सगळे ‘प्रोव्हिजनल कॅश’ म्हणतात. मुंबईतल्या कोर्टांत तर हे सर्रास होतं. भरलेले पैसे नंतर परत मिळतात, फक्त पावती जिवापाड जपायची. ही मागणी मूळ जामीन अर्जाच्या युक्तिवादातच केली, तर त्याच आदेशात एक ओळ वाढते आणि काम होतं. आमच्या आदेशात ती ओळ नव्हती. आता वेगळा अर्ज, त्यावर पुन्हा सरकारी वकिलांचं म्हणणं, बोर्डावर तारीख पुढच्या सोमवारची.

मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाच्या मदत कक्षात बसणाऱ्या एका मुलीनेही बरंच सांगितलं. जामीन होऊन सात दिवसांत कैदी सुटला नाही, तर तुरुंग अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं असतं. महिनाभर जामीनदार मिळाला नाही तर कोर्ट स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करू शकतं. हेही त्याच जानेवारी २०२३ च्या निर्देशांत आहे. ज्यांना पैसे भरणंच शक्य नाही अशा कच्च्या कैद्यांसाठी केंद्राची २०२३ ची योजना आहे, ठरावीक मर्यादेपर्यंतची रक्कम सरकार भरतं. आम्हाला ती लागू नव्हती, पण तिच्या टेबलासमोर बसलेल्या एका बाईंना होती आणि त्यांना ती त्याच दिवशी कळली. त्यांचा मुलगा आमच्या भावापेक्षा कितीतरी आधीपासून आत होता.

जामीनदार शेवटी आमच्याच जिन्यात सापडला. तळमजल्यावरच्या काकू पोळीभाजी केंद्र चालवतात. दीड खोलीचं घर, पुढच्या अर्ध्या भागात शेगडी. आई जिन्यात कोणाशी तरी बोलताना त्यांनी ऐकलं आणि संध्याकाळी वर आल्या. हातात साडीच्या दुकानाची पिशवी, तिच्यात घराचे सगळे कागद. “माझी पावती चालते का बघ.”

मी त्यांना घाईघाईने होकार भरू दिला नाही. रक्कम किती, तो तारखेला गेला नाही तर कोर्ट नोटीस तुम्हाला काढेल, पैसे तुम्हाला भरावे लागतील, खटला किती वर्षं चालेल सांगता येत नाही, सगळं सांगितलं. त्यांनी पोळी लाटतच ऐकलं. नाशिकच्या मुलाला फोन लावला, त्याने नको म्हणून बरीच समजूत घातली असणार, कारण काकू मध्येच म्हणाल्या, “घर माझ्या नावावर आहे का तुझ्या?” आणि फोन ठेवला.

गंमत अशी की पावतीवर नाव काकांचं होतं. काका जाऊन बरीच वर्षं झाली. सोसायटीने शेअर सर्टिफिकेट काकूंच्या नावावर केलं होतं, पण महापालिकेच्या घरपट्टीवर नाव बदलायचं राहून गेलेलं. अशी पावती बघितली की बाबू कागद परत सरकवणार, हे एव्हाना मला पाठ झालं होतं. वकिलांनी मृत्यूचा दाखला, सोसायटीच्या सेक्रेटरीचं पत्र आणि ‘सदर सदनिकेची मी एकटीच मालक असून ताबा माझाच आहे’ असं प्रतिज्ञापत्र जोडलं. सेक्रेटरी पत्र द्यायला कुरकुर करतील असं वाटलं होतं. त्यांनी लेटरहेडवर स्वतः टाइप करून दिलं आणि वर म्हणाले, “दरवाजाची बेल दुरुस्त करून दिली होती त्याने, पैसे घेतले नव्हते.”

कोर्टात आमचा पुकारा झाला तेव्हा काकू पिंजऱ्याच्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या. न्यायाधीश बाई होत्या, वयाने माझ्याएवढ्याच. त्यांनी कागद चाळले, काकांचं नाव बघून थांबल्या, दाखला बघितला, पुढे गेल्या.

“आरोपी तुमचा कोण लागतो?”

“लागत नाही कोणी. वरच्या मजल्यावर राहतो.”

“मग जामीन का राहताय?”

“माझ्या गॅसच्या टाक्या तोच आत आणून देतो.” काकूंना हे उत्तर पुरेसं वाटलं. वकिलांनी हळूच खाकरलं. “आणि पळणाऱ्यातला नाही,” काकूंनी जोडलं.

“पळाला तर तीस हजार तुम्हाला भरावे लागतील, कल्पना आहे?”

“त्याची बहीण वरच असते. ती कुठं जातेय?”

“याआधी कोणाला जामीन राहिला आहात?”

“दिरांना. पतसंस्थेत. ते धरायचं का?”

“ते नाही,” न्यायाधीश म्हणाल्या. हसल्या नाहीत, पण मान खाली घालून त्यांनी सही करायला जरा वेळ घेतला. ‘स्वीकारले’.

मग बाकीचं सोपस्कारासारखं. जामीनपत्रावर काकूंची सही. त्या प्रत्येक अक्षर सुटं काढतात, बाबू पेन धरून वाट बघत उभे. रेशनकार्डाच्या मागच्या पानावर कोर्टाचा शिक्का आणि प्रकरण क्रमांक, म्हणजे तेच कार्ड दुसरीकडे नेलं तर कळावं. काकूंनी तो शिक्का वाळेपर्यंत कार्ड उघडंच धरून ठेवलं. रोख जामिनाचा अर्ज वकिलांनी मागे घेतला.

सुटकेचा आदेश तयार होऊन सही-शिक्क्यासह निघाला तेव्हा संध्याकाळ झाली होती. तुरुंगात कैद्यांना रात्रीसाठी कोंडायच्या आत आदेश पोचला नाही तर सुटका दुसऱ्या दिवशीच. मला याचं विशेष वाटलं नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये आर्यन खानचं प्रकरण सगळ्या देशाने टीव्हीवर बघितलं. मुंबई उच्च न्यायालयाने २८ तारखेला जामीन दिला, २९ ला जुही चावला स्वतः जामीनदार म्हणून कोर्टात उभी राहिली, तरी आर्थर रोडच्या जामीन पेटीत कागद वेळेत पडला नाही आणि मुलगा ३० तारखेला सकाळी बाहेर आला. जिथे जुही चावलाची सही एक रात्र वाचवू शकली नाही तिथे पोळीभाजीवाल्या काकूंकडून काय अपेक्षा करायची. त्यामानाने आमचं लवकर झालं म्हणायचं.

दुसऱ्या दिवशी भाऊ बाहेर आला. दाढी वाढलेली, बारीक झालेला. मोबाइल मुद्देमालात जमा आहे, तो अजूनही मिळालेला नाही. घरी आल्यावर आंघोळीच्या आधी तो तळमजल्यावर गेला. तिथे काय बोलणं झालं मला माहीत नाही. काकूंनी मला एवढंच सांगितलं, “त्याला म्हटलं, एक तारीख चुकवलीस तर मी स्वतः पोलिसांना घेऊन येईन.”

ही नुसती धमकी नव्हती, त्यांना तो अधिकार खरोखरच आहे. जामीनदाराला केव्हाही अर्ज करून जबाबदारीतून मोकळं व्हायचं म्हणता येतं. मग कोर्ट अटक वॉरंट काढून आरोपीला हजर करायला लावतं आणि दुसरा जामीनदार आणायला सांगतं, नाही आणला तर पुन्हा आत. हे काकूंना मीच सांगितलं होतं, लपवून काय करायचं.

दर रविवारी हजेरी चालू आहे. ठाण्यात रजिस्टरवर सही करायला पाच मिनिटं, ते रजिस्टर सापडायला अर्धा तास. आरोपपत्र दाखल झालं. मामेबहिणीच्या लग्नाला बार्शीला जायचं होतं तर जिल्हा सोडायच्या परवानगीचा अर्ज करावा लागला. लग्नपत्रिका जोडली, तीन दिवसांची परवानगी मिळाली. वऱ्हाडात मामाने त्याला सगळ्यांदेखत मिठी मारली आणि मग कोपऱ्यात घेऊन झापलं.

आता काकूंना घर मुलीच्या नावे बक्षीसपत्राने करायचं आहे. त्याला कायद्याने आडकाठी नसेलही, पण ज्या मिळकतीवर कोर्टाने विश्वास ठेवला ती हातातून गेली असं कोणी उद्या म्हणायला नको, म्हणून आधी जामीनदार बदलून घ्यावा असं वकिलांचं मत पडलं. माझ्या मेहुण्याने मोशीला फ्लॅट घेतलाय, तो उभा राहायला तयार आहे. अर्जाचा मसुदाही झालाय. फक्त त्याच्या घरपट्टीच्या पावतीवर अजून बिल्डरचंच नाव येतंय, ते बदलायला दिलंय.